छावणी उठल्यावरची भागूआत्या

भागूआत्याची आणि माझी ओळख भांडणातून झाली, आणि भांडण जागेवरून झालं.

त्या दुष्काळात धारूरच्या घाटाखाली, तेलगावच्या रस्त्याला लागून असलेल्या पडीक रानात जनावरांसाठी चारा छावणी उघडली होती. आसपासच्या दोन-तीन सहकारी संस्थांनी मिळून ती चालवायला घेतली होती. त्यात आमची महिला दूध संस्था होती आणि मी संस्थेची सचिव. मी मूळची केजची. नोकरीसाठी या गावात खोली घेऊन राहत होते. छावणीतली नोंदणी, उसाच्या वाढ्यांचं आणि पेंडीचं वाटप, टँकरच्या वेळा, आजारी जनावरं, सगळं माझ्याकडे होतं. कुठलं जनावर कुठल्या ओळीत बांधायचं हेही मी कागदावर आखून ठेवलं होतं. या ओळींना आमच्याकडे दावण म्हणतात.

भागूआत्या एक म्हैस घेऊन आली आणि मी दाखवलेल्या जागेकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. ती सरळ हौदाजवळच्या दावणीत शिरली, तिथे आधीच ठोकलेली मेख उपटून बाजूला टाकली आणि आपली मेख ठोकायला लागली.

"आत्या, ती जागा दुसऱ्याची आहे."

"त्येच्या बापाची हाय का?"

"नोंदणी झालीय त्यांची."

"मग माझीबी कर. लिव. भागीरथी, म्हस एक, जागा हीच."

ज्यांची मेख उपटली गेली ते किसनबाबा आपली गाय धरून मागेच उभे होते. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, उंच, इस्त्रीचा शर्ट घालणारे. ते शांतपणे म्हणाले, "राहू द्या मॅडम. खिडकीची सीट मिळाली की प्रवासी गप्प बसतो."

"कोन रं तू?" आत्या खेकसली.

"तुमचा शेजारी. पलीकडची मेख माझी."

मी चिडले होते. पण गावातल्या बायका माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघत होत्या. त्यातली एक माझ्या कानाशी लागली, "बाई, ही बोलली? आवं, ही तर दिवाळीपासून कुनासंगं बोलली न्हाई."

मग थोडं थोडं कळलं. संस्थेच्या सभासदांत तिचं नाव मी पाहिलं होतं, पण तिला पाहिलं नव्हतं. दूध घालायला तिचा नवरा यायचा. तो गेला. त्याच हंगामात थोरला मुलगा आणि सून ऊसतोडीला गेले, आणि कारखान्याचं गाळप संपल्यावर गावात पाणीच नाही म्हणून तिकडूनच पुण्याला बांधकामावर गेले. धाकटा दत्ता चाकणला कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर. मुली लांब दिलेल्या. आत्या घरात एकटी. दार पुढे केलेलं असायचं. एकदा रांधायची आणि ते संपेपर्यंत चूल पेटवायची नाही. गावातली नर्स येऊन रक्तदाब तपासून गेली होती. तो बरोबर निघाला. मग सगळे म्हणाले, म्हातारपण आहे, असंच असतं. छावणीत जनावराबरोबर घरातलं कुणीतरी मुक्कामी राहायला हवं असा नियम होता, आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. म्हणून ती आली.

तशी ती एकटीच नव्हती. मालक म्हणून नोंदवलेली नावं होती मुलांची, आणि ताडपत्रीखाली राहायला आलेली माणसं होती त्यांची आईबापं. तरणी माणसं कामाच्या शोधात गेली होती. मागे राहिलेले म्हातारे आपापल्या घरांतून उठून त्या रानात एकत्र आले होते. कोणाचा नवरा गेलेला, कोणाची बायको, कोणाचे कान गेलेले. उन्हात बसून वाढे खाणाऱ्या जनावरांकडे बघायचं, एवढंच काम. मी पहिल्या आठवड्यात धरूनच चालले होते की यातले दोन-चार जण आजारी पडणार. दवाखान्यात न्यायला जीपवाल्याचा नंबरही घेऊन ठेवला होता.

झालं उलटंच. भागूआत्याने ती दावण ताब्यात घेतली.

माणसांची नावं तिला लक्षात राहायची नाहीत, की ठेवायची नसत, कोण जाणे. ती जनावरांवरून हाका मारायची. "ए मोडक्या शिंगाच्या, तुजी कासरा तोडायली बघ!" असं ओरडली की मोडक्या शिंगाच्या गाईचा मालक, गावचा माजी पोलीस पाटील, धडपडत उठायचा. मला ती शेक्रेटरीण म्हणायची. वाटपात वाढ्यांची पेंढी लहान दिसली की ती उचलून माझ्या टेबलावर आणून टाकायची आणि म्हणायची, "ही तुज्या घरी ने. आंघूळ कर हिच्यानं." दुपारी पत्र्याच्या तुकड्यावर तंबाखू भाजून ती मिसरी करायची. त्या वासाने शेजारच्या दावणीतल्या म्हाताऱ्या गोळा व्हायच्या. मिसरी लावता लावता सगळ्या गावांच्या सुनांचा हिशेब व्हायचा. त्यात कुणाचीही सून सुटत नसे, आत्याची स्वतःचीही नाही.

तिचा सगळ्यात वाईट, आणि खरं सांगायचं तर मला सगळ्यात आवडलेला खेळ फोनचा होता. शेजारच्या दावणीतल्या एका म्हाताऱ्याला मुलगा फोन करत नव्हता. म्हातारा दिवसभर मोबाइल हातात धरून बसायचा. एका सकाळी त्याने चहा परत पाठवला. आत्याने त्याचा मोबाइल हिसकावून घेतला. तिला आकडे वाचता येत नव्हते. तिने तो किसनबाबांपुढे धरला.

"कंडक्टर, लाव ह्येच्या पोराला."

किसनबाबांनी नंबर लावला. पलीकडून हॅलो आलं.

"तुजा बाप मेला," आत्या म्हणाली आणि फोन बंद केला.

मी धावत गेले. "आत्या! काय बोलता हे? लावा परत. किसनबाबा, लावा परत!"

"लावू नगंस रं," ती म्हणाली. "येऊ दी."

किसनबाबांचा हात मध्येच थांबला. मी स्वतः फोन लावला तर तो लागेना. ती दुपार मी कशी काढली ते मला माहीत. संध्याकाळच्या आत मुलगा जीप करून आला, तोंड सुजलेलं, मागे बायको रडत. बाप हौदावर गाईला पाणी पाजत होता. मुलगा आधी जागीच उभा राहिला, मग आत्याच्या अंगावर धावून आला. दोघा-तिघांनी धरला म्हणून बरं.

"म्हातारे, जीव गेला असता माजा! लाज हाय का?"

"गेला का?" आत्या म्हणाली. "न्हाई ना? मग बस. भाकर खा. बाप लई दिसांनी दिसायलाय तुला, नीट बघ."

त्या दिवसापासून छावणीत फोन वाजायचं प्रमाण वाढलं. मी मात्र आत्याला सक्त ताकीद दिली. तिने ती मिसरीबरोबर थुंकून टाकली.

एक गोष्ट सांगायलाच हवी. किसनबाबा फाट्यावरच्या बौद्ध वस्तीतले. त्यांच्याशी ती दिवसभर भांडायची, फोन त्यांच्याकडून लावून घ्यायची, रात्री म्हैस सुटली तर हाक त्यांनाच मारायची. पण त्यांच्या कॅनमधलं पाणी प्यायची नाही. टँकर उशिरा आला आणि तिचा माठ कोरडा पडला, तर लांबच्या दावणीत जाऊन पाणी मागायची. किसनबाबांना ते दिसायचं. त्यांनी कॅन आपल्या बाजूला सरकवून ठेवला होता, तिच्या नजरेआड. मी एकदा तो विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, नोकरीभर तिकिटं फाडली मी. सुटे पैसे माझ्या हातातून घेताना कुणी थांबलं नाही. पाण्याचं मात्र आत्याबाईंचं त्या बघतील. मी सांगायला जाणार नाही." एवढं बोलून ते गाईची गोचीड काढायला लागले.

पुढे पाऊस आला. उशिरा आला, पण लागून पडला. छावणी बंद करायचं पत्र आलं. लोकांनी हलगी लावली, जनावरांच्या शिंगांना गुलाल लावला. माझ्या डोक्यावरचं ओझंही उतरलं. एकटी भागूआत्या म्हशीपुढे पाय पसरून बसून होती.

"आत्या, सामान बांधा. उद्या टेम्पो येणार."

"ह्यो काय पाऊस हाय? थुकलंय आभाळ. पुन्ना दुष्काळ पडतो बघ."

"असं अभद्र बोलू नका."

"टेम्पो दुसऱ्याला दी. माजी म्हस तेच्यात चढत न्हाई."

म्हैस कुठल्याही टेम्पोत चढत होती. येताना त्यातूनच आली होती. दोन दिवस आत्या त्या चिखलात एकटी राहिली. आजूबाजूच्या मेखा उपटल्या गेल्या, ताडपत्र्या निघाल्या. शेवटी चाकणहून दत्ता आला. तो वाईट मुलगा नव्हता. आईसाठी साडी आणली होती, गुडघ्याला लावायचं तेल आणलं होतं. छावणीतला चिखल आणि त्यातली आई पाहून त्याचे डोळे भरून आले.

"लई केलंस आई," तो म्हणाला. "आता म्हस इकून टाकू. जनमभर शेण काढलंस. आता आराम कर. मी पैसे पाठवीन महिन्याला."

त्यात कोणाला काय वावगं वाटणार? आमच्याकडे म्हाताऱ्या माणसावर करायची ती हीच मोठी माया: त्याच्या हातातलं काम काढून घ्यायचं. बायका म्हणाल्या, नशीब काढलं भागूनं. दत्ताने केजच्या बाजारात म्हैस विकली. आत्याने भांडण केलं नाही, यात मला आनंद वाटला होता.

दार पुन्हा पुढे झालं. आता दारात शेणही पडत नव्हतं, त्यामुळे झाडायला म्हणूनही ती बाहेर येईना. मी दोनदा गेले. दुपारच्या वेळी ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. बोलावलं तर "हां" म्हणायची. त्या आवाजात शिवी नव्हती. शेजारणीने सांगितलं की आत्याने तिला तांब्याचा हंडा देऊन टाकला. दुसरीला वाकळ दिली, स्वतः शिवलेली. शेजारणी खूश होत्या. देणारा हात चांगला, म्हणत होत्या.

मग एका संध्याकाळी किसनबाबा संस्थेच्या कार्यालयात आले. कधी न येणारा माणूस. दारातच उभे राहिले. त्यांच्या हातात कासरा होता.

"मॅडम, आत्याबाई आल्या होत्या फाट्यावर, माझ्या घरापर्यंत. हा दिला. म्हशीचा. म्हणाल्या, तुज्या गाईला होईल." ते थोडे थांबले. "त्या इतक्या गोड बोलल्या, की मला बरं वाटलं नाही."

मला हंडा आठवला, वाकळ आठवली. मी लगेच उठून तिच्या घरी गेले. दार आतून लावलेलं होतं, पण तिने हाकेला ओ दिली. शेजारणीला सांगून ठेवलं की सकाळी पहिल्यांदा तिच्याकडे बघ. सकाळी शेजारीण धावत आली. दार उघडं होतं आणि घरात कुणी नव्हतं.

उन्हाळा असता तर एक भीती तरी कमी असती. पाऊस पडल्यामुळे विहिरींना पाणी आलं होतं, म्हणजे शोधायला आता विहिरी होत्या. माणसं दोरांना गळ बांधून विहिरींवर गेली. मी कोण कुठे जाईल ते ठरवून दिलं: मळ्याची विहीर, शाळेमागची, तलाव. सूचना देताना माझा आवाज नेहमीसारखाच निघत होता. पहिला गळ पाण्यात पडल्याचा आवाज मी ऐकला. तो वर येईपर्यंत तिथे कुणीही कुणाकडे पाहिलं नाही. गळाला शेवाळ होतं.

किसनबाबा माझ्या स्कूटीजवळ आले. "मॅडम, पहाटेची गाडी इथून तेलगावकडे जाते. ड्रायव्हरला फोन केला. आत्याबाई गाडीत नव्हत्या, पण रस्त्याने चालताना त्याला दिसल्या. घाटाच्या दिशेने. चला."

ते मागे बसले.

छावणीचं रान ओळखू येत नव्हतं. गवत पोटरीएवढं वाढलं होतं. हौद फोडून विटा कुणी नेल्या होत्या. जिथे हौद होता त्याच्या बाजूला गवतात आत्या बसली होती. पदर डोक्यावर, हात मांडीत. चपला पायात नव्हत्या.

मी स्कूटी टाकून पळत गेले. "आत्या! अहो, इथं काय करता? गाव विहिरी धुंडाळतंय!"

तिने मान वर केली नाही.

"चला. घरी चला."

"घरी कोन हाय?" ती म्हणाली.

मी तिचा दंड धरला. तो एवढा हलका लागला की मी सोडून दिला. किसनबाबा सावकाश आले, इकडेतिकडे बघितलं, गवत पायाने दाबलं आणि तिच्यापासून हातभर अंतरावर खाली बसले, इस्त्रीच्या पँटसकट ओल्या मातीत.

"जरा सरका, आत्याबाई," ते म्हणाले. "माझी मेख इथं होती."

वरून ढग गेले. मग तिचा आवाज आला, खरखरीत. "खोटं बोलतूस कंडक्टर. तुजी तिकडं व्हती. हितं माजी म्हस व्हती."

"नक्की का?"

"मला इचारतूस व्हय?" असं म्हणून ती रडायला लागली. मी तिला रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. नवरा गेल्यावरही ती रडली नव्हती, असं बायका सांगत. किसनबाबा समोर बघत बसून राहिले.

दुसऱ्याच दिवशी आम्ही तिला अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यात नेलं. मनाच्या आजारांची डॉक्टर तरुण बाई होती. तिने आधी नाडी धरली नाही, प्रश्न विचारले. मालक कधी गेले, घरात कोण असतं, मुलं कुठे, शाळा किती झाली, ऐकू नीट येतं का, स्वतःची कमाई काही आहे का, आधी काय काम करायच्या, ते कधी सुटलं. मला वाटलं, ही काय जनगणना चालली आहे. पण एकेका उत्तराबरोबर आत्याचं सगळं वर्ष त्या टेबलावर येऊन पडत होतं. यातली एकेक गोष्ट आमच्या गावात कितीतरी म्हाताऱ्यांना होती. हिच्यावर सगळ्या एकदम येऊन बसल्या होत्या, आणि आम्ही सगळ्यांना मिळून एकच नाव ठेवलं होतं, म्हातारपण.

"झोप येते का, आजी?"

"येती की. पर मला न्हाई, भिताडाला येती. मी तेच्याकडं बघत बसते."

"जेवता कुणाबरोबर?"

"तेच्यासंगंच."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "जगू नये असं वाटतं का?"

मी दचकले. गेले महिनाभर जे विचारायला आम्हाला धीर झाला नव्हता ते तिने चहा घेणार का विचारावं तसं विचारलं होतं. आत्याने डॉक्टरकडे नीट पाहिलं.

"वाटतं," ती म्हणाली. "पर त्याचाबी कटाळा येतो."

डॉक्टरांनी मला सांगितलं ते एवढंच, की हा आजार आहे, वयाचा स्वभाव नव्हे. गोळ्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतील, मध्येच बंद करायच्या नाहीत. घरात औषध-विष काही हाताशी ठेवायचं नाही. आणि गोळी कुणीतरी समोर उभं राहून द्यायची. "एकटं जेवू देऊ नका," शेवटी ती म्हणाली. ते मात्र चिठ्ठीवर लिहून दिलं नाही.

गोळ्यांचं मी ठरवून टाकलं. सकाळी मी, संध्याकाळी किसनबाबा. त्यांना नावं वाचता येत होती आणि वेळ चुकवण्याची सवय नव्हती. ते दारात उभे राहायचे, आत यायचे नाहीत. "तिकीट घ्या, आत्याबाई." ती त्यांच्या हातून गोळी घ्यायची आणि आपल्या माठातल्या पाण्याबरोबर गिळायची. पहिले काही आठवडे मला काही फरक दिसला नाही. मग एका सकाळी मी उशिरा पोचले, तर ती उंबऱ्यावर उभी होती.

"ह्यी येळ हाय का, शेक्रेटरीण? माजा जीव गेला असता म्हंजी?"

मी तिथेच पायरीवर बसले.

दिवाळीआधी संस्थेची वार्षिक सभा झाली. नियम असा होता की ज्याच्याकडे दुभतं जनावर नाही, जो वर्षात दूध घालत नाही, त्याला मत नाही. अध्यक्षीणबाईंनी नावं वाचायला सुरुवात केली. आत्याचं नाव आलं तेव्हा ती मागच्या रांगेत उठून उभी राहिली. तिला आलेलं मी पाहिलंच नव्हतं.

"कावून गं, माजं मत कुठं गेलं?"

"आत्या, म्हैस नाही ना आता तुमच्याकडं."

"म्हस इकली पोरानं. मला न्हाई इकलं."

बायका हसल्या, मग गप्प झाल्या. कारण तिच्या मागोमाग आणखी दोन-तीन म्हाताऱ्या उठल्या होत्या. त्यांचीही जनावरं मुलांनी विकलेली. अध्यक्षीणबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी नियम पुन्हा वाचून दाखवला. तो तसाच होता. बदलायला वरची परवानगी लागते, तसा ठराव लिहून घेतला. तो पुढे कुठे पडून राहिला मला माहीत नाही. आत्याला मत मिळालं नाही. पण ती उठून गेली नाही. सभा संपेपर्यंत मागून प्रत्येक विषयावर ओरडत राहिली. पेंडीच्या भावावर तिचं म्हणणं इतकं मोठ्याने आलं की तेच इतिवृत्तात गेलं.

दिवाळीनंतर ऊसतोडीचे ट्रक लागले. थोरला आणि सून सणाला आले होते, तेही गेले. मला त्या दिवसाची धास्ती होती. डॉक्टरांची शेवटची सूचना मला सोडवता आली नव्हती. मी स्वतः दिवसा कार्यालयात, संध्याकाळी हिशेब. शेजारणीला विचारलं तर ती म्हणाली, आमच्यात जेवते म्हणायला तिचं तोंड कुठं चालतंय, नुसती चिवडत बसते.

मग कधीतरी, कुणाला न सांगता, आत्या संध्याकाळची गोळी घ्यायला स्वतः फाट्यावर जाऊ लागली. किसनबाबांचं घर रस्त्याला लागूनच होतं. आधी ती ओसरीच्या बाहेर उभी राहायची. मग ओट्यावर बसायला लागली. किसनबाबा भाकरी स्वतः थापायचे, आणि त्या वाईट व्हायच्या. एवढ्या वाईट भाकरी समोर होत असताना तिला गप्प राहवेना. एका संध्याकाळी मी तिथे गेले तर ती ओट्यावरून सांगत होती, "थाप रं नीट! तिकीट छापायलास का भाकर करायलास?" आणि हातात तुकडा होता. तांब्याही त्यांचाच होता. माझ्याकडे बघून तिने तुकडा लपवला नाही, पण डोळ्यांनी मला असं दटावलं की मी गोळीचंही विचारलं नाही.

गावात व्हायची ती चर्चा झाली. पाणवठ्यावर बायका विचारायच्या, "कावून गं भागू, तिकडं जेवायलीस?" ती म्हणायची, "तुज्या घरी बोलावलंस का?" कुणीतरी ते चाकणला कळवलं.

संक्रांत झाल्यावर माझी बदली केजच्या कार्यालयात झाली. माझ्याकडची सकाळची गोळीही आता किसनबाबांकडे गेली, दुपारच्या जेवणानंतरची म्हणून. मी सामान घेऊन फाट्यावर एसटीची वाट बघत होते. दुपारची वेळ. आत्या किसनबाबांच्या ओट्यावर जेवत होती. तेवढ्यात जीप थांबली आणि दत्ता उतरला. मला त्याने पाहिलं नाही. तो सरळ ओट्याशी गेला.

"आई, ऊठ."

"जेवायले."

"हितं?"

"भाकर हितं हाय."

"सामान भर. चाकणला चल माज्याकडं. लोक काय म्हनायलेत ठावं हाय का तुला? मला फोनवर ऐकवत न्हवतं."

"तू कामाला गेलास की मी कुनाकडं बघू तिथं?"

"लोक—"

"लोकान्नी जेवू घातलं का मला? तू तरी?" तिचा आवाज चढला, मग उतरला. "पैसे धाडलेस. धाडलेस रं. पर त्यांच्यासंगं जेवाया येत न्हाई."

जीपवाल्याने हॉर्न वाजवला. दत्ता उन्हात उभा होता, मूठ वळलेली. किसनबाबा चुलीपाशी थांबले होते, हातात पीठ. मला वाटलं आता हा काहीतरी वाईट बोलणार, आणि ते बोललं गेलं की परत घेता येणार नाही. मी पिशवी खाली ठेवली.

दत्ता बोलला, पण किसनबाबांशी. आवाज खाली आणून त्याने विचारलं, "गोळ्या घेती का?"

"जेवण झाल्यावर," किसनबाबा म्हणाले. "अजून एक भाकरी बाकी आहे त्यांची. आज जोंधळा चांगला निघालाय."

आत्या दोघांकडेही न बघता भाकरी कालवणात कुस्करत होती. किसनबाबांनी आतून आणखी एक ताट आणलं आणि ओट्यावर, तिच्यापासून थोड्या अंतरावर ठेवलं. कुणीच कुणाला बस म्हणालं नाही.

माझी एसटी आली. कंडक्टरने पिशव्या आत ओढल्या आणि घंटी मारली. मी खिडकीशी पोचले तेव्हा गाडी वळायला लागली होती. जीपचा हॉर्न अजून चालू होता. आत्या जेवत होती, आणि दत्ता ओट्याच्या पायरीवर टेकून खाली वाकला होता, बुटाची नाडी सोडायला.